न ढवळलेलं दूध

शिमगा सरला की महाडच्या बाजारात कलिंगडं येतात आणि अभ्यासिकेत मुलं. कलिंगडं टेम्पोतून उतरतात, मुलं एसटीतून. कुणी पोलादपूरच्या वरच्या वाड्यांमधलं, कुणी खाडीपट्ट्यातलं. पाठीला सॅक, हातात कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत भरलेलं घरचं पाणी. दुपारी वरचा पत्रा तापतो, पंखा तीच गरम हवा फिरवत राहतो आणि झेरॉक्स काढलेल्या पुस्तकांना शाईचा आणि घामाचा मिळून एक वास येतो. तो वास नाकात गेला की मी अजून दारातच थबकते. परीक्षेच्या भीतीनं नव्हे, ती भीती केव्हाच मेली. एका माणसाच्या आठवणीनं.

मी आता तिथे अभ्यासाला जात नाही, पत्रकं वाटायला जाते. पत्रकावर ठळक अक्षरांत एकच प्रश्न आहे : नोकरी इथली, मग परीक्षा तिकडे का? तलाठी हवा महाड-पोलादपूरच्या गावांना, आणि त्याची परीक्षा द्यायची पनवेलच्याही पुढे कुठल्याशा कॉलेजात. का? इथे संगणक नाहीत म्हणतात. मग आणा की! निवडणुकीला डोंगरावरच्या वाडीत मशीन पोचतं, परीक्षेला रस्ता सापडत नाही? हे मी माइकवरून बोलते, चौकात बोलते, कुणी ऐकत नसलं तरी बोलते. लोक म्हणतात, कापडे गावची ही मुलगी भारी तिखट आहे. असू दे.

तर परवा पत्रकं वाटून झाली आणि कोपऱ्यातल्या एका मुलीनं माझी ओढणी धरली. "ताई, तुम्हाला गणित येतं ना? हे एक सांगा." वहीवर गणित होतं. भांड्यात वीस लिटर दूध आहे. त्यातलं पाच लिटर काढून तेवढंच पाणी घातलं. मग त्या मिश्रणातलं पाच लिटर काढून पुन्हा तेवढंच पाणी घातलं. आता दूध किती उरलं?

मी तिच्या शेजारी बसले. "सोपं आहे," म्हटलं. "दर वेळी चौथा हिस्सा जातो, तीन हिस्से उरतात. विसाचे पंधरा झाले, पंधराचे सव्वाअकरा. फक्त एक लक्षात ठेव, पाणी घातलं की सगळं सारखं मिसळतं." आणि एवढं बोलून माझी जीभ अडली. कारण कानाजवळ कुणीतरी खणखणीत आवाजात विचारलं होतं, "पण ढवळलं कुठं हाय?"

तिथे कुणी नव्हतं. तो रंजूचा आवाज होता, आणि रंजू मुंबईत आहे.

रंजू तुडीलची. सावित्री नदीच्या काठचं गाव, खाडीचं पाणी भरतीला थेट दारापर्यंत येतं. मी कापड्याची, डोंगराच्या पायथ्याची. त्या एका उन्हाळ्यात आम्ही दोघी या अभ्यासिकेत एका बाकावर, एका पुस्तकात डोकं घालून बसलो. पुस्तक तिचं, हायलायटर माझा. सकाळी ती खाडीपट्ट्याच्या गाडीनं यायची, मी पोलादपूरच्या. जिची गाडी आधी पोचेल तिनं पंख्याखालची जागा धरायची. ती धरायची तेव्हा माझ्या जागेवर तिच्या डब्याची पिशवी ठेवलेली असायची, आणि कुणी बसायला आलं तर म्हणायची, "माणूस हाय तिथं. दिसत नाय, पण हाय."

वेळ-काम, नफा-तोटा, आगगाडी आणि बोगदा, सगळं तिला पटापट यायचं. माझ्याहून पटापट. अडायची ती फक्त मिश्रणावर. तेही साध्या मिश्रणावर नाही. तीनास दोन, पाचास चार ही प्रमाणं ती बोटांवर करायची. पण काढलं, घातलं, पुन्हा काढलं, असं गणित आलं की तिचं उत्तर ठरलेलं : पंधरा.

सरांनी पहिल्यांदा समजुतीनं घेतलं. हे सर म्हणजे अभ्यासिका चालवणारे, निवृत्त झालेले, खडूनं पँट पांढरी झालेले एक सरळ गृहस्थ. "पंधरा कसं गं? दुसऱ्यांदा काढलं त्यातही दूध होतं ना?"

"नव्हतं सर," रंजू म्हणाली. "दुसऱ्यांदा वरचं काढलं. वर पाणीच होतं. पाणी गेलं, पाणी आलं. दूध खाली हाय तसंच हाय."

"अगं, पण ते मिसळलं!"

"ढवळलं कुठं हाय? गणितात लिहिलंय का ढवळलं म्हणून?"

सगळी अभ्यासिका हसली. सरांनी गणित पुन्हा वाचलं, चष्मा काढून वाचलं. ढवळलं म्हणून खरंच लिहिलेलं नव्हतं. पण सर शेवटी सर. म्हणाले, "लिहिलेलं नसलं तरी धरायचं असतं, बाळ."

"का धरायचं?" ती मला बाहेर येऊन विचारत राहिली. रसवंतीच्या बाकावर बसून, उसाच्या रसातला बर्फ बोटानं बाजूला सारत. "जे लिहिलेलंच नाय ते का धरायचं? आणि तो गवळी बघ ना. सगळ्या पुस्तकांत गवळी पाणीच घालतो. त्याला दुसरं काम नाय? एक तरी गवळी चांगलं दूध देणारा दाखव मला."

मी म्हटलं, "गवळ्यांवरचा अन्याय थांबवा. काढूया पत्रक."

"तू काढ. तुला शोभतं. मी खाली सही करते."

खरं तर पत्रकं काढायची खोड मला तिथूनच लागली असावी. आणि तिनंच एकदा दाखवून दिलं की या गणितांमध्ये कुणीच दूध पीत नाही. काढतात, ओततात, पुन्हा काढतात. कुणी पोराला पेलाभर देत नाही, चहाला टाकत नाही. तेव्हा आम्ही हसलो होतो. आता विकासाच्या योजना वाचताना मला ते भांडं आठवतं.

तिचं पंधरा कुठून येतं ते मला कळलं एका रविवारी, तिच्या घरी गेले तेव्हा. तुडीलला नळ आलाय. पाणी यायचंय. म्हणजे येतं, त्याच्या मर्जीनं. तोवर गाव जुन्या विहिरीवर. ती विहीर खाडीच्या इतकी जवळ, की उन्हाळ्यात पावसाचं मुरलेलं पाणी कमी झालं की खालून खारं पाणी आत शिरतं. पण गोडं पाणी हलकं, ते वर राहतं. खारं जड, ते तळाशी बसतं. एकाच विहिरीत दोन पाणी, एकावर एक, जशी अंथरुणावर गोधडी. म्हणून शिमगा झाला की त्या विहिरीत कुणी कळशी बुडवत नाही. उथळ, पसरट पत्र्याचा डबा दोरीला बांधतात आणि पाण्यावर नुसता टेकवतात. तो कलतो, हळूच वरवरचं पाणी आत घेतो, की लगेच उचलायचा. दोघी एकदम काढत नाहीत. एकीनं काढलं की दुसरी थांबते, पाणी निवांत होऊ देते. पोरांना त्या दिवसांत विहिरीत उडी मारायला बंदी. कुणी मारलीच तर सगळा गाव त्याच्या दारात.

मला हे ठाऊक नव्हतं. मी हौसेनं दोरी हातात घेतली आणि डबा सोडला, आमच्याकडे सोडतात तसा, थेट खाली.

"अगो मेले!" रंजूची आई ओरडली. "बुडवलास काय? आता सांजंला आख्खी आळी खारट चहा पिल!"

आणि खरंच, संध्याकाळचा चहा किंचित खारट होता. बशीत ओतून सगळ्यांनी तो माझ्याकडे बघत बघत प्यायला. शेजारची एक म्हातारी म्हणाली, "कापड्याची पोर काय? मग बरोबर. डोंगरातल्यांना पाणी कळत नाय, नुसता आवाज कळतो." मी लाजेनं मेले, आणि रंजू खांबाला टेकून हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आता सांग. दुसऱ्यांदा काढलं तर वर काय होतं?"

मी तरी हट्टानं म्हटलं, "सव्वाअकरा."

कारण माझंही पाणी माझ्या गावचं होतं. कापड्याला पाणी डोंगरावरून येतं ते कोसळत, आदळत, दगडांवर फुटत. त्यात पडलेलं काहीच आपल्या जागी राहत नाही. पावसाळ्यात वरच्या शेताची माती, खालच्या शेताची माती, कुणाच्या गोठ्यातलं शेण, सगळं एकजीव होऊन दारावरून जातं. मिसळायला वेगळं ढवळावं लागतं ही कल्पनाच मला नव्हती. रंजू नंतर आमच्याकडे आली होती, करवंदांच्या दिवसांत. ओहोळ तेव्हा बोटाएवढा उरला होता, तरी त्याच्या काठी बसून ती बराच वेळ बघत राहिली. करवंदांनी जांभळी झालेली बोटं त्यात धुतली आणि म्हणाली, "तुमचं पाणी लय घाईत हाय गो. जरा बसत नाय कुठं."

माझ्या आईनं तिच्यासाठी ताक केलं. पाहुणा आला की आई ताकात एक तांब्या पाणी वाढवते, मुंबईचा आला तर दोन. रंजू पेला तोंडाला लावून म्हणाली, "काकी, हे मात्र ढवळलंय." आईला काही कळलं नाही. आम्ही दोघी ओटीवर लोळलो हसून.

असा तो उन्हाळा. आता मागे वळून पाहते तर त्यात काहीच घडलं नाही. कैऱ्या पडल्या, हायवेची धूळ उडाली, तो रस्ता तेव्हाही पूर्ण होत होता आणि आजही होतोच आहे. महाडच्या अलीकडे पुलावर गाडी थांबली की खिडकीतून नदीचं पात्र दिसायचं. भरतीला फुगलेलं, ओहोटीला चिखल उघडा टाकलेलं. ते बघत बघत मी सूत्रं पाठ करायचे. आम्हाला दोघींना एकच हवं होतं : इथेच राहायचं. मोठं काही नको. चार-दोन गावांच्या एखाद्या सजेची तलाठी व्हायचं, स्कूटी घ्यायची, शनिवारी महाडला भेटून मिसळ खायची. रंजूचा भाऊ मुंबईजवळ दिव्याला होता. त्याचा दर आठवड्याला फोन यायचा : ये इकडे, माझ्या ओळखीनं लावतो कुठंतरी. ती म्हणायची, "परीक्षा होऊ दे, दादा." परीक्षा हीच तिची आडोशाची भिंत होती. पास झाली तर राहणार होती.

परीक्षेचं केंद्र आलं पार तिकडे. पहाटेच्या गाडीनं निघालो. मुली ओकत होत्या, एकीचं बाळ सोबत होतं. गेटवर आमच्या केसांतल्या पिना काढून घेतल्या, हातातले दोरे कापले. रंजूच्या मनगटावर गावदेवीचा दोरा होता. कापणारी बाई म्हणाली, "रूल आहे." तो मला रूल नव्हे, गुन्हा वाटला आणि आजही वाटतो. इतक्या लांब आणून वर आमचेच दोरे तोडता!

पेपर सुटल्यावर ती गेटपाशी आली. चेहरा शांत होता.

"आलं गो तुझं मिश्रण."

"काय टाकलंस?"

"पंधरा."

मी भडकले. "रंजे, तुला पद्धत येत होती! काल अभ्यासिकेत मला तूच करून दाखवलीस!"

"येत होती. पण स्क्रीनवर ते भांडं आलं आणि मला आमची विहीरच दिसायला लागली. हात दुसरीकडं जाईना."

त्या एका गुणानं ती गेली, असं सांगायचा मोह होतो. भाषणात बरं वाटलं असतं. पण तसं नाही. आम्ही दोघीही गेलो, चांगल्या अंतरानं गेलो. मात्र निकाल लागायच्या आधीच ती गेलेली होती. भाऊ गेटवर न्यायला आला होता. "एवढी आलीच आहेस तर दोन दिवस राहा," म्हणाला. त्याचंही चुकलं नाही. तिनं रिकामा डबा माझ्या हातात दिला. "आईला दे. म्हणावं, रविवारी येते."

मी एकटी परत आले. शेजारच्या सीटवर तो डबा ठेवला. कोलाडला एक बाई बसायला आली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माणूस आहे इथं." बाईनं डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे गेली.

रंजू आली ती गणपतीला. मग शिमग्याला. एका हॉस्पिटलात बिलाच्या खिडकीवर बसते. दर खेपेला तिच्यातलं थोडं काहीतरी तिकडे राहिलेलं असतं आणि तेवढंच काहीतरी तिकडचं आलेलं. आधी 'गो' कमी झालं, त्या जागी 'यार' आलं. मग चहाच्या आधी बाटलीतलं पाणी आलं. मग एकदा विहिरीवर उभी राहून ती फोनवर कुणाशी तरी हिंदीत बोलत होती, आणि बोलता बोलता तिनं डबा सोडला, सरळ खाली. तिची आई ओरडली नाही. तेच मला जास्त लागलं. पाहुण्याला कोण ओरडतं?

काढलं, घातलं, पुन्हा काढलं. मला गणित येतं, हीच माझी अडचण आहे. हे कुठवर जातं ते मला कळतं. दूध कधी शून्य होत नाही, सूत्र तेवढा धीर देतं. पण चहाला पुरेल इतकं राहील की नाही, ते सांगत नाही.

यंदा ती शिमग्यालाही आली नाही.

म्हणून गेल्या रविवारी मी खाडीपट्ट्यात पत्रकं वाटायला गेले तेव्हा मुद्दाम तुडीलला उतरले. ऊन कललं होतं. काकी, म्हणजे रंजूची आई, विहिरीवर होत्या. मला बघून म्हणाल्या, "आली काय पुढारीण! बस. आणि दोरीला हात लावू नको." एवढ्यात माझा फोन वाजला. रंजूचा व्हिडिओ कॉल.

"कुठं आहेस?"

"तुमच्या विहिरीवर."

"दाखव." मी फोन कठड्यावरून पुढे धरला. ती एकदम किंचाळली, "अगो, जपून! पडला तर ढवळंल ना सगळं!"

ते 'गो' ऐकून मी कठड्यावर बसलेच.

तिनं सांगितलं, फॉर्म भरलाय. येत्या आठवड्यात परीक्षा. वय सरत आलंय, ही शेवटची. आणि केंद्र तिच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आलंय. "यार, तुझं आंदोलन यशस्वी झालं तर माझीच पंचाईत. महाडला केंद्र झालं तर मला परीक्षेला गावाला यावं लागेल."

"म्हणूनच तर करतेय," मी म्हटलं.

बोलून गेले खरी. पत्रकात हे लिहिलेलं नाही. तिथे शेकडो मुलींचे हाल आहेत आणि ते सगळे खरे आहेत. तिच्या मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"पास झालीस तर येशील?"

"येईन की. तलाठी होऊन येईन आणि तुझी पत्रकं जप्त करीन."

"आणि मिश्रण आलं तर काय टाकशील?"

"सव्वाअकरा," ती लगेच म्हणाली. "पाठ केलंय आता. दर वेळी तीन हिस्से. ढवळलेलं धरायचं."

बरोबर उत्तर. हेच तर मी तिला उन्हाळाभर शिकवत होते. ते बरोबर आलं तर ती परत येणार. मला आनंदानं उडी मारावीशी वाटायला हवी होती, पण वाटली नाही. बिलाच्या खिडकीतून एखादी बाई आकडा सांगते तसं तिनं ते सांगितलं होतं.

"ते परीक्षेत," मी म्हटलं. "पण तू किती उरलीस गो तिकडं?"

फोनमध्ये तिचं तोंड जरा हललं. नेटवर्क असेल. काकी दोरी हातात धरून थांबल्या होत्या, पाणी निवांत व्हायची वाट बघत. मग त्यांनी डबा सोडला; आवाज न करता तो पाण्यावर टेकला, कलला आणि वरवरचं पाणी आत घेऊ लागला.

"पंधरा," रंजू म्हणाली.

दिवसभर मी लोकांच्या चुका दुरुस्त करत हिंडते. ही केली नाही.